केळी की केयी, बट्टी की बाटी? खान्देशी खाण्याच्या उच्चारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाची पंगत असो, पुण्याहून सुट्टीला आलेली पोरं असोत की घरात आलेली नवी सून असो, खान्देशात ताटावर बसलं की "हे असं नाही, तसं म्हणतात" हा वाद ठरलेला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून जिल्हे तीनच, पण एकाच भाकरीला हाक मारायच्या तऱ्हा त्याहून जास्त. जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं देताना मी बाजू घेतली आहे: खान्देशी उच्चार म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे. ते आपल्या नियमाने चालतात, आणि तो नियम एकदा कळला की निम्मे वाद तिथेच मिटतात.

'केयी' म्हणणं चुकीचं आहे का? शाळेत तर 'केळी' शिकवतात.

चुकीचं नाही. जीभ घसरून चूक होते तेव्हा ती एखाद्या शब्दात होते आणि शेजारच्या शब्दात होत नाही. इथे तसं नाही. खान्देशातल्या लेवा आणि अहिराणी या दोन बोलींत 'ळ'च्या जागी 'य' येतो तो ओळीने येतो: डोळा डोया, काळा काया, सकाळ सकाय, उन्हाळा उन्हाया. मग स्वयंपाकघरात पोळीची पोयी होते, कळण्याचा (ज्वारी-उडदाच्या पिठाचा) कयना होतो आणि केळीची केयी. विदर्भात वऱ्हाडी बोलणाऱ्यांच्या तोंडीही डोया आणि कायाच आहे, म्हणजे ही काही एका गावाची सवय नाही.

'ळ' म्हणताना जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावावं लागतं. 'य' म्हणताना जीभ टाळूच्या जवळ जाते, पण टेकत नाही. काही बोलींनी जीभ टेकवणं ठेवलं, काहींनी सोडलं. हिंदीने तिसरी वाट धरली आणि 'केला' म्हटलं. मूळ संस्कृत शब्द 'कदली'. त्यात ना 'ळ' आहे ना 'य', तेव्हा मुळाशी आम्हीच जास्त जवळ असं कोणालाच म्हणता येणार नाही.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कागदावर नाव केळीचं आहे. रावेर-यावलच्या बागेत घड उतरवणारा माणूस मात्र 'केयीचा घड' म्हणतो, आणि ज्या फळाला मानांकन मिळालं ते त्याच्याच हातचं आहे.

'पानी', 'लोनी', 'लोनचं' असं बोललं की शहरातले नातेवाईक हसतात. काय उत्तर द्यावं?

उत्तर द्यायचंच असेल तर हे द्या. प्रमाण मराठीतला 'पाणी' संस्कृत 'पानीय'वरून आला, 'लोणी' 'नवनीत'वरून, 'जेवण' 'जेमन'वरून. तिन्ही मूळ शब्दांत 'न' आहे. 'ण' नंतर आला, कारण प्राकृतात 'न'चा 'ण' करायची रीत होती. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात त्यासाठी 'नो णः सर्वत्र' असं सूत्रच आहे. म्हणजे आज जो 'ण' शुद्धपणाची खूण म्हणून मिरवला जातो, तो एके काळी बोलीतलाच बदल होता. खान्देशी तोंडाने पुढे तो पुन्हा 'न' केला. 'लोणचं'ची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या मुळाशी 'लवण' आहे, तिथे 'ण' आधीपासूनचा. पण बोलीला शब्दाचं मूळ पाहून ध्वनी निवडायची गरज पडत नाही. तिने सगळीकडे एकच नियम लावला.

माझी खरी तक्रार हसण्याबद्दल आहे. घरी आलेल्या पाहुण्याने आजीच्या हातचं लोनचं मागून घ्यावं आणि तिच्या 'लोनचं'ला हसावं, हे बरं नाही.

मग मुलांनी वहीत काय लिहायचं?

वहीत 'केळी', 'पाणी', 'लोणचं'. घरी जे तोंडात असेल ते. ह्यात विरोध नाही. मराठी लेखनाचे जे नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये वाढवले, ते लेखनाचे आहेत. आईशी बोलताना कोणता ध्वनी काढायचा हे ते नियम सांगत नाहीत. लहान मूल दोन्ही सहज शिकतं, कारण मामाच्या गावी वेगळं आणि वर्गात वेगळं बोलायची त्याला सवय असतेच. अडचण तेव्हा होते जेव्हा 'केयी' म्हटल्याबद्दल त्याला चारचौघांत उभं केलं जातं. त्यानंतर ते मूल 'केळी' शिकतं खरं, पण वर्गात बोलायचं कमी करतं. शिक्षकांना एवढीच विनंती आहे: फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहा, आणि हा घरचा, हा पुस्तकातला, असं सांगा.

बट्टी, बाटी की बट्ट्या? आमच्या घरात दर लग्नात हा वाद होतो.

हा नुसता उच्चाराचा वाद नाही, म्हणून थोडं सविस्तर. राजस्थान आणि माळव्याकडची 'बाटी' म्हणजे कणकेचा गोळा निखाऱ्यावर किंवा गोवऱ्यांच्या आचेवर भाजून तुपात बुडवलेला. आपल्याकडे जळगाव भागात पंगतीत जी वाढतात ती बहुतेक वेळा आधी उकडलेली, मग कापून तळलेली असते. पीठ रवाळ दळलेलं, त्यात ओवा, आणि वर वरणाची धार. शेजारी वांग्याची घोटलेली भाजी नसेल तर पंगत अपुरी वाटते. नाव बहुधा एकाच घराण्यातलं आहे, पण करण्याची रीत बदलली आणि रीतीबरोबर तोंडातला शब्दही बदलला.

म्हणून माझं मत असं: उकडून तळलेली असेल तर 'बट्टी' म्हणा. गोवरीवर भाजलेली असेल तर 'बाटी' म्हणायला हरकत नाही. मारवाडी शेजाऱ्याकडे जेवायला गेलात तर त्याच्या बाटीला बट्टी म्हणून दुरुस्त करू नका, आणि त्यानेही तुमच्या बट्टीला बाटी करू नये. 'बट्ट्या' हे नुसतं अनेकवचन. चार खाल्ल्या की बट्ट्या.

जोडीला वरण की दाळ? जळगावच्या पंगतीत 'वरण-बट्टी' जास्त ऐकू येतं, हॉटेलच्या पाटीवर 'दाल-बाटी'. पाटी हिंदी वाचणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असते. तिच्यावरून घरातला शब्द ठरवू नका.

डाळ, दाळ की दाय?

मूळ 'दल', म्हणजे दोन फाकांतली एक. त्या 'द'पाशी 'दाळ' आणि 'दाय' दोन्ही थांबले. 'डाळ' म्हणणाऱ्यांनी 'द'चा 'ड' केला, आणि आज तेच रूप छापात जास्त दिसतं. मराठवाड्यात आणि विदर्भात 'दाळ' सर्रास चालते. 'उडीदनी दाय' म्हणणाऱ्या धुळ्याच्या माणसाने एका शब्दात 'द' सांभाळला आणि 'ळ' आपल्या रीतीने बदलला. दुकानदाराला तिन्ही कळतात.

शेवभाजी की सेवभाजी?

मराठीत शेव, हिंदीत आणि गुजरातीत सेव. खान्देशला तिन्ही भाषा लागून आहेत, त्यामुळे गाव कुठलं यावर उत्तर ठरतं. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. एकाच फलाटाच्या दोन टोकांना दोन राज्यं असलेल्या गावात 'शे' आणि 'से' मिसळले तर त्यात वावगं काय? जळगाव-धुळ्याकडे ठाम 'शेव'.

एक मात्र मी आग्रहाने सांगेन. तर्रीदार रश्श्यात जाड शेव टाकून केलेला पदार्थ खान्देशाचा आहे. राज्यभरातल्या ढाब्यांवर तो पोचला याचा आनंदच आहे. पण पाटीवर 'सेव टमाटर' लिहून तो खान्देशी म्हणून विकू नये. तो गोडसर, टोमॅटोचा, निराळा पदार्थ आहे.

आम्ही 'शेवनी भाजी' म्हणतो, शेजारच्या तालुक्यात 'शेवची भाजी'. खरी खान्देशी कोणती?

दोन्ही. पहिली अहिराणी, दुसरी लेवा. बाहेरच्यांना वाटतं खान्देशात एकच बोली आहे, आणि तिथूनच बरेच गैरसमज सुरू होतात. अहिराणीत 'चा-ची-चं' ऐवजी 'ना-नी-नं' लागतं: वांगानं भरीत, कयनानी भाकर, शेवनी भाजी. गुजरातीतही 'नो-नी-नुं' आहे, त्यामुळे अहिराणी गुजरातीच्या जवळची की मराठीच्या, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. ब्रिटिश काळातले भाषा-अभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीत खान्देशीला भिल्ल बोलींबरोबर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात ठेवलं. तो भाग १९०७ चा. यावल, रावेर, भुसावळ पट्ट्यातली लेवा बोली 'चा-ची-चं' ठेवते, पण 'ळ'चा 'य' आणि 'ण'चा 'न' तिच्यातही होतोच. बहिणाबाई चौधरींचं बोलणं याच लेवा बोलीतलं. त्यांच्यामुळे महाराष्ट्रभर लोकांना वाटतं की अख्खा खान्देश तसाच बोलतो. धुळ्याच्या किंवा साक्रीच्या माणसाला ते पटत नाही आणि त्याचं बरोबर आहे.

त्यात नंदुरबारच्या सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा लोकांच्या बोली आणखी निराळ्या. त्यांच्या भाकरीची नावं त्यांनाच विचारावीत.

कळण्याची भाकरी बाहेरच्यांना कशी समजावून सांगायची? 'कळणा' म्हटलं तरी कळत नाही, 'कयना' म्हटलं तर नाहीच.

पदार्थ सांगा, नाव आपोआप बसेल. ज्वारी आणि सालीसकट उडीद, ज्वारी जास्त आणि उडीद कमी, थोडं मीठ घालून एकत्र दळलेलं पीठ म्हणजे कळणा. उडदाने पिठाला चिकटपणा येतो, म्हणून भाकरी पातळ थापता येते आणि लवकर तुटत नाही. रंग करडा. सोबत ठेचा, कच्चा कांदा, तेल, नाहीतर भरीत. 'कळणा' आणि 'कयना' एकच आहेत हे वर सांगितलेल्या 'ळ-य'च्या नियमाने कळतं. विकताना पिशवीवर 'कळणा' लिहा, कारण जळगावबाहेरचा वाचणारा तेच शोधेल. चुलीपाशी 'कयना' म्हणा.

'भरताची वांगी' की 'भरिताची वांगी'?

जुन्या वळणाने 'भरीत'चं 'भरताचं' होतं. 'भरिताची' हे नव्या पिढीच्या तोंडचं रूप आहे. मला 'भरताची' आवडतं, पण 'भरिताची' म्हणणाऱ्याच्या ताटातलं भरीत काही कमी चवदार नसतं.

वांग्याबद्दल मात्र तडजोड नको. भरताचं वांगं हिरवट, मोठं, बिया कमी असलेलं हवं. जळगावच्या भरीत वांग्यालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि यावल तालुक्यातलं बामणोद त्यासाठी नावाजलेलं आहे. ते कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायचं, लाकडी भांड्यात ठेचायचं, आणि त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालायची. काळं, गोल वांगं गॅसवर भाजून वर टोमॅटो घातलेल्या भाजीला पंजाबकडे भरता म्हणतात. तीही चांगली लागते, पण ती वेगळी.

भजी की भजे?

पुण्याच्या रीतीने एक भजं, अनेक भजी. आपल्याकडे 'भजे' म्हणजे ताटभर. "मिरचीचे भजे आण" म्हटल्यावर कोणी एक आणत नाही. दोन्ही अनेकवचनंच, फक्त लिंग वेगळं धरलं आहे. यावरून भांडू नका, भजे गार होतील.

बिबडे, बिबड्या, बिबडं? फुणके की फुनके? डुबुकवडे की डुबुकवड्या?

हे तीन प्रश्न एकत्र घेतो, कारण तिन्हींचं उत्तर सारखं आहे: ज्या घरात केले त्या घरातलं. बिबडे ज्वारीचे. भिजवून आंबवलेली ज्वारी दळून शिजवायची आणि ओल्या कापडावर हाताने पसरून उन्हात वाळवायची. पातेल्यातला गरम घाटा तेल घालून खाण्यासाठी पोरं सकाळपासून भोवती बसतात. फुणके भिजवलेल्या डाळी जाडसर वाटून वाफवलेले, सोबत कढी. 'फुनके' हा सरळ 'ण'चा 'न'. डुबुकवडे म्हणजे उकळत्या रश्श्यात सोडलेले बेसनाचे वडे. 'डुबुक' हा पडल्याचा आवाज. तो आवाज कोणाला 'डुबुक' ऐकू येतो, कोणाला 'डुबक'. दोन्ही कानांवर माझा विश्वास आहे.

आखाजीला पुरणाची पोळी करतात की मांडे?

आधी सणाचं नाव: अक्षय्य तृतीया ती खान्देशात आखाजी. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पितरांसाठी घागर भरतात. दिवाळीइतकाच, काही घरांत दिवाळीहून मोठा सण.

त्या दिवशी खापरावर जी होते तिला कोणी 'खापराची पोयी' म्हणतं, कोणी 'मांडा', तर कोणी 'पुरणाचा मांडा'. चुलीवर मातीचं खापर पालथं घालतात आणि पुरण भरलेली सैल कणीक लाटण्याशिवाय, दोन्ही हातांवर खेळवत, कोपरापर्यंत मोठी करून त्यावर टाकतात. तव्यावर लाटून केलेल्या पुरणपोळीला मांडा म्हणणं मला पटत नाही. हातावर वाढवलेली असेल तरच मांडा. हे कसब असलेल्या बायका आता गावागणिक थोड्या उरल्या आहेत, आणि नावाच्या वादापेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते.

'च्या' म्हणणं गावंढळ आहे का?

नाही. शब्द चिनी 'छा'चा, फारसीत तो 'चाय' झाला, हिंदीने 'चाय'च ठेवला, मराठी छापात 'चहा' आला. 'च्या' त्या 'चाय'पासून फार लांब नाही. ज्याच्या घरी जाल त्याने "च्या घ्या" म्हटलं तर घ्यावा.

जिलबी, जलेबी, जिलेबी?

मुळात अरबी 'जलाबिया', म्हणजे सगळेच वळण घेऊन आलेले. रावेरच्या पुढे सरहद्द ओलांडली की बऱ्हाणपूर. फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशाची राजधानी तिथे होती. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खान्देश मोगलांकडे गेला. आज बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, पण तिथली माव्याची जलेबी खान्देशी माणूस परकी मानत नाही. ती 'जलेबी'च म्हणून मागावी. गावच्या यात्रेतली पातळ, पिवळी ती जिलबी.

नातवंडं सांगतात, 'पिझ्झा' नाही, 'पीत्सा' म्हणायचं. खरं का?

इटलीत 'पीत्सा'च्या जवळचं म्हणतात हे खरं. 'चमच्या'तला 'च' मराठी तोंडात आहेच, तेव्हा तो उच्चार आपल्याला जड नाही. पण मराठीत शब्द इंग्रजीमार्गे आला आणि 'पिझ्झा' म्हणून रुळला. जे नातवंड इटलीतल्या लोकांचा उच्चार एवढ्या आदराने जपतं, त्याने आजीचा 'कयना'ही तितक्याच आदराने म्हणून पाहावा.

मी नाशिक-पुण्याकडून खान्देशात लग्न होऊन आले आहे. सासूबाईंसारखं बोलू की माझ्यासारखं?

तुमच्यासारखं बोला, त्यांच्यासारखं ऐका. ओढूनताणून 'पोयी' म्हटलं तर नक्कल केल्यासारखं वाटतं, आणि सासूबाईंना ते बोचू शकतं. काही महिन्यांत दोन-चार शब्द आपोआप तोंडात बसतील. ते बसू द्या. सासूबाई आणि जेठाणीचं बोलणंही तंतोतंत एक नसतं, हे तुमच्या लवकरच लक्षात येईल. स्वयंपाकघरातले शब्द बायका माहेराहून आणतात. सासूबाई एरंडोलच्या आणि जेठाणी फैजपूरच्या असतील तर एका चुलीवर दोन बोली शिजतात. तुमची तिसरी.

आजीचे शब्द जपून ठेवायचे आहेत. सुरुवात कशी करू?

आजीला "अमक्याला काय म्हणतेस?" असं विचारू नका. विचारलं की माणूस सावरून, पुस्तकी बोलतो. त्याऐवजी तिला कृती सांगायला लावा: बिबडे कसे करायचे, खापर कसं तापवायचं, लोनच्याला मीठ किती. मोबाईल जवळ ठेवून तिला सांगून रेकॉर्डिंग सुरू करा आणि मध्ये बोलू नका. ती हाताने काम करत असेल तर आणखी चांगलं, कारण तेव्हा भांड्यांची नावंही येतात.

लिहून घेताना जसं ऐकलं तसंच लिहा. 'कयना' ऐकलं तर 'कयना', शेजारी कंसात 'कळणा'. आजीचं सासरचं गाव लिहा आणि तिचं माहेरचं गाव तालुक्यासकट नक्की लिहा. फाईलला तारीख आणि पदार्थाचं नाव द्या, आणि एक प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा.